पुस्तकात नसलेली खाणावळ

एकट्या माणसाला खाणावळीत कुठे बसवतात, हे कधी नीट पाहिलंय? नसेल तर पाहा. मोरीच्या दाराशी, जिन्याखाली, नाहीतर भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा केल्यासारखं. आधी विचारणार, "आणखी कोणी येणार आहे का?" नाही म्हटलं की समोरची बशी, पेला, चमचा अशा घाईने उचलून नेणार की आपण काही गुन्हाच केलाय असं वाटावं.

एवढ्याशा गोष्टीवर एका बाईने अठरा वर्षं नोकरी केली. एका प्रकाशनाचं पुस्तक होतं, खास एकट्याने फिरणाऱ्यांसाठी. मोठ्या शहरात एकट्याने कुठे उतरावं, कुठे जेवावं, कुठल्या पेठेत पायी हिंडावं, असं सगळं त्यात असायचं. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती. त्यातलं सगळ्यात मोठं शहर या बाईकडे होतं. ती यायची, पंधरा दिवस राहायची, दिसेल त्या पलंगावर बसून बघायची, दिसेल तो नळ सोडून बघायची, आणि दिवसातून चारदा एकटी जेवायची. ऑफिसात तिला सगळे 'एकटी' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. तिला त्याचा फारसा रागही नव्हता. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, एक भाऊ होता तो फोनपुरता. एकटी तर एकटी, त्यात काय चोरी?

कामाचा नियम एकच, पण कडक. आपण कोण ते सांगायचं नाही. ओळख दाखवली की पलंगावर कोरी चादर येते आणि सुपात लोण्याचा गोळा, मग पुस्तक वाचून येणाऱ्या बिचाऱ्याच्या वाट्याला तीच जुनी चादर. म्हणून बाई सगळीकडे सांगायची की मी चष्म्याच्या फ्रेमा विकते. का फ्रेमा? पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा नाकावर चष्मा होता, तोंडातून निघून गेलं, आणि मग अठरा वर्षं निस्तरत बसली.

सगळ्यात जास्त निस्तरावं लागलं ते मावशींपुढे. मावशी म्हणजे ती जिथे उतरायची त्या घराच्या मालकीणबाई. तीन मजले, बारा खोल्या, आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या मावशी. त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नसे. याही वेळी बाई सकाळी पेटी ओढत आली तर मावशींनी हातातलं विणकाम खाली ठेवलं नाही, नुसती मान वर केली.

"आलीस? ये. वाळलीस गं. काही खातेस की नाही?"

"खातेच तर आहे मावशी, दुसरं काय करते?"

"मेलं ते फिरतीचं खाणं अंगाला लागतंय होय! या खेपेला गोल आणलीस का चौकोनी?"

बाईने पर्समधून फ्रेम काढून दिली. बाजारातून विकत घेतलेली, अर्थातच. मावशींकडे आता अशा नऊ फ्रेमा झाल्या होत्या आणि डोळे दोनच. त्यांनी ती नाकावर चढवली, रिकाम्या फ्रेमेतून बाईला न्याहाळलं, आणि म्हणाल्या, "लिफ्ट झाली बरं का. आता तिसरा मजला चढायला नको तुला. अगं, कुठल्याशा पुस्तकात आमचं नाव आलंय म्हणे, तेव्हापासून उसंत नाही. कोण लिहिणारी आहे देव जाणे, तिचं भलं होवो."

बाई लिफ्टकडे बघत उभी राहिली. दर खेपेला मावशी हा आशीर्वाद देत आणि दर खेपेला तिच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

खोली तीच होती. मागच्या अंगणाकडे उघडणारी एक खिडकी, खाली सुताराचं दुकान, सकाळी नऊला रंधा सुरू आणि एकला बंद. अरुंद पलंग, पण गादी ताठ. दारामागे दोन खुंट्या, एक कोटाला, एक टॉवेलाला. पुस्तकात तिने लिहिलं होतं, 'खोलीत एकाच माणसाचं सामान मावतं, आणि तेवढं मात्र नीट मावतं.' त्या वाक्यावर मावशींची लिफ्ट उभी राहिली होती.

बाईने पेटी उघडलीसुद्धा नाही. तोंडावर पाणी मारलं, केस विंचरले, आणि आरशात बघून चक्क हसली. बावन्न वर्षांची बाई, लग्नाला निघाल्यासारखी हसली. कारण या खेपेला ती एक गोष्ट करणार होती जी तिने सोळा वर्षं केली नव्हती.

ही दहावी आवृत्ती शेवटची होती. प्रकाशकांनी सांगून टाकलं होतं की आता असली पुस्तकं कोणी घेत नाही, लोक फोनवर बघतात. ठीक आहे. मग या शेवटच्या आवृत्तीत ती एका खाणावळीचं नाव घालणार होती. या शहरातली तिची सगळ्यात आवडती जागा, आणि तिने सोळा वर्षं पुस्तकात येऊ दिली नव्हती.

का येऊ दिली नव्हती? ऐका. पहिल्या आवृत्तीत तिने एका बेकरीवाल्या आजीबद्दल लिहिलं होतं. सहा ओळी, पण अगदी पोटातून. दोन वर्षांनी आली तर आजी गायब. दारात रांगा लागल्या, रांगा बघून जागामालकाचे डोळे फिरले, आजीला बाहेर काढलं आणि तिच्याच नावाने यंत्राचा पाव विकायला सुरुवात केली. बाई त्या रांगेशेजारी उभी राहून रडली. आपल्या हाताने वाटोळं केलं, असं तिने मनाशी धरलं ते धरलंच.

आणि नेमकं त्याच खेपेला, त्याच आठवड्यात, तिला ती खाणावळ सापडली. वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीत, अगदी आत, पाटी नसलेली, सहा टेबलांची. ती दारात उभी राहिली तर मालकाने कोणी येणार आहे का असं काही विचारलं नाही. खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली, मग समोरची दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "ताई, बॅगेलाही बसू द्या. तीही दमली असेल." बाईला हसू आलं आणि तिने बॅग खरंच त्या खुर्चीवर बसवली. सूप आलं, घेवड्याच्या दाण्यांचं, वर तळलेला कांदा, सोबत भाजलेला पाव. तिने दोन वाट्या खाल्ल्या आणि तिथल्या तिथे शपथ घेतली, ही जागा मी कुणाला सांगणार नाही.

सांगितलीही नाही. त्या मालकाला ती दादा म्हणायला लागली, त्याच्या बायकोला वहिनी. दर दोन वर्षांनी पंधरा दिवस, दुपारचं जेवण तिथेच. आवृत्तीमागून आवृत्ती निघाली, त्या गल्लीच्या आजूबाजूच्या चार खाणावळी पुस्तकात आल्या, ही नाही. मावशींचं भलं झालेलं तिला दिसत नव्हतं असं नाही. पण त्या आजीचं बुडालेलं दुकान तिला फार सोयीचं पडलं होतं, हे आपण आपलं म्हणायचं. तिने स्वतःशी कधी म्हटलं नाही.

आता शेवटच्या पुस्तकामुळे गर्दी होण्याची भीती नव्हती. घेणारेच किती उरले होते? नाव येईल, दादा बघतील, वहिनी चार लोकांना दाखवतील, एवढंच. नोंद तिने मनात कधीच लिहून ठेवली होती, एकदा नव्हे, दर आवृत्तीला लिहायची आणि खोडायची. आगगाडीत रात्रभर तीच घोकत आली होती.

बाराच्या सुमाराला ती निघाली. थेट गेली नाही. आवडीचं शेवटी खायचं ही तिची लहानपणापासूनची खोड. आधी कुलूपवाल्यांच्या उतारावरून गेली. दोन्ही बाजूंना हातभर रुंदीची दुकानं, प्रत्येकाच्या दाराला किल्ल्यांचे घोस टांगलेले, वारा आला की सगळा उतार किणकिणतो. एक म्हातारा किल्ली घासत होता, त्याने मान न उचलता "बसा" म्हटलं आणि ती तिथल्या दगडावर दोन मिनिटं बसली. मग नदीकाठाने, जुन्या पुस्तकांच्या पेट्यांपाशी थांबत थांबत. मग पुलाखालून रंगाऱ्यांच्या पेठेत, जिथे गटाराचं पाणी कधी निळं असतं कधी तांबडं. ही सगळी तिची माणसं होती आणि त्यांतल्या कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं. तिला ते तसंच आवडायचं.

वाद्यांच्या गल्लीत शिरली तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. कुणीतरी पेटीचा एकच सूर धरून बसला होता. जुन्या खाणावळी, तिने लिहिलेल्या, भरलेल्या होत्या, एकीच्या दारात तर बाक टाकून माणसं बसवली होती. ती हसतच पुढे गेली.

खाणावळीचं शटर अर्धं खाली होतं.

ती वाकून आत गेली. पाच टेबलं भिंतीला लावलेली, त्यांच्यावर खुर्च्या उलट्या. जमिनीवर खोकी. वहिनी पाठमोऱ्या बसून बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. खिडकीपाशी एकच टेबल जागच्या जागी होतं आणि दादा तिथे बसले होते, हात मांडीवर ठेवून, आपल्याच खाणावळीत गिऱ्हाईक असल्यासारखे.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "या."

"हे काय चाललंय? रंगकाम काढलंय का?" बाईला कळलं होतं, तरी विचारलं.

"शनिवारी किल्ली देतोय ताई," दादा म्हणाले. "अगदी वेळेवर आलात. आणखी चार दिवसांनी आला असतात तर इथे मोबाइलची कव्हरं मिळाली असती."

"पण का?"

"का म्हणजे? गिऱ्हाईक नाही. इकडे तिकडे बघा, बसायला जागा नाही, आणि इथे आम्ही दोघं एकमेकांना वाढतोय. किती दिवस चालवणार?" ते हसले. "बसा. पण आज सूप नाही हं. शेगडी काल नेली. चहासुद्धा नाही करता येत, लाज वाटते."

बाई बसली. दादा उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि टेबलावरची एक खुर्ची उतरवून तिच्या बॅगेसाठी ठेवली. बाईने बॅग त्या खुर्चीवर ठेवली.

"दादा, ऐका," ती म्हणाली. "अजून शनिवार आहे. मी काही करू शकते. म्हणजे, माझ्या ओळखीत..."

"ताई." दादांनी हात वर केला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, ती पुस्तकं कुठल्या खोक्यात घातलीस?"

वहिनींनी एक खोकं पायाने पुढे सरकवलं. दादांनी त्यातून पुस्तकं काढून टेबलावर मांडली, एकावर एक. दुसऱ्या आवृत्तीपासून नवव्यापर्यंत, आठच्या आठ. पानापानांत कागदाच्या पट्ट्या खोचलेल्या.

बाईने वरच्या पुस्तकाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"चौदा वर्षं झाली," दादा म्हणाले. अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "एक प्रवासी आला होता, हातात हे पुस्तक. शेजारच्या मासेवाल्या खाणावळीचा पत्ता विचारत होता. मी दाखवला. तो पुस्तक इथेच विसरला. रात्री चाळत बसलो तर सुरुवातीलाच छापलेलं, एकट्या माणसाच्या बॅगेला खुर्ची मिळाली पाहिजे, तीही दमलेली असते. म्हटलं, अरेच्चा! हे तर माझं वाक्य. आणि मी ते एकाच बाईला म्हटलं होतं."

बाईने ते वाक्य प्रस्तावनेत घातलं होतं खरं. इतकं आवडलं होतं तिला. त्या वाक्यामुळे आता शहरातल्या निम्म्या खाणावळी बॅगेला खुर्ची देत होत्या.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमचाच नियम ना? छापलंय ना तुम्ही, लिहिणारा ओळख दाखवत नाही, ओळख दाखवली की चव बदलते. म्हटलं, बरोबर आहे. आपण कशाला मोडायचा नियम? लायक असलो तर लिहितील." त्यांनी वरचं पुस्तक उघडलं. "दर आवृत्ती घेतली. आधी आपलं नाव बघायचं. नाही. मग ज्यांचं आलंय त्यांच्याकडे जाऊन जेवायचं. ही आणि मी, सुट्टीच्या दिवशी. त्यांच्यात असं काय आहे आणि आपल्यात काय नाही? मासेवाल्याकडचे दिवे पिवळे होते, म्हटलं तसे लावू. त्या कोपऱ्यावरच्या बाई सूप घट्ट करतात, एक वर्ष आपणही घट्ट केलं. मग पातळ केलं. मिरी काढली. मिरी परत घातली. बशा बदलल्या. तुम्ही यायचात, गपचूप जेवायचात, दोन वाट्या खायचात, आणि पुस्तकात नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "आणि रोज चारपाच माणसं यायची, हातात पुस्तक. दादा, हे दुकान कुठे? दादा, ते दुकान कुठे? मी पार कोपऱ्यापर्यंत जाऊन दाखवायचो."

वहिनी बशा गुंडाळत होत्या. कागदाचा आवाज तेवढा येत होता.

"आता सगळंच संपलं, तर नियमही संपला," दादा म्हणाले. "म्हणून विचारतो. रागावणार नाही, शपथ. पण एकदाच खरं सांगा ताई. काय कमी होतं?"

आता इथे बाईला एक फट दिसली. खोटं बोलायची. तोंड उघडून 'मीठ' म्हटलं असतं तर भागलं असतं. मीठ थोडं जास्त व्हायचं दादा, बाकी सगळं छान होतं. दादांनी मान डोलावली असती, वहिनींनी मी म्हणत नव्हते का म्हटलं असतं, आणि तिघं जण हसून उठले असते. तिची इभ्रत राहिली असती. चष्म्याच्या फ्रेमा विकणारीला एवढं खोटं काय जड होतं? जीभ वळली होती तिची, खरंच वळली होती.

पण दादा पुढे वाकून बसले होते. निकाल ऐकायला बसल्यासारखे.

"काही कमी नव्हतं," ती म्हणाली.

"नाही नाही, मनात ठेवू नका."

"काहीच कमी नव्हतं दादा. या शहरात मी दीडशे ठिकाणी जेवले असेन. तुमच्यासारखं कुठेच नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मी मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर गर्दी झाली असती, मला... ही जागा मला माझी हवी होती. मी लपवून ठेवली."

दादा तिच्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की बाईला तो बघवेना.

"ऐकलंस का गं?" ते मागे वळून म्हणाले. "चांगलं होतं! पहिल्यापासून चांगलं होतं!"

ओरडलेच ते. टेबलावर हात आपटला. "मी म्हणत होतो ना, मिरी नको काढायला? ऐकलंस का?"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या. हातातली बशी तशीच, अर्धी गुंडाळलेली. त्या टेबलापाशी आल्या आणि बाईसमोर उभ्या राहिल्या. सोळा वर्षांत बाईने त्यांना चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. आताही आवाज चढला नाही.

"आमचा मुलगा इथे सुपाच्या पातेल्यापाशी उभा असायचा, आठवतो का?"

"हो वहिनी. परदेशी असतो ना आता?"

"सहा वर्षं. तो म्हणायचा, बाबा, चव उत्तम आहे, लोकांना ठाऊक नाही एवढंच. पाटी लावा, फोनवर फोटो टाका. हे म्हणायचे, नाही. आधी चव सुधारू दे. जिला कळतं ती बाई लिहीत नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. चुकीच्या मालावर पाटी कशी लावू? किती भांडले दोघं. शेवटी तो म्हणाला, तुमचा त्या परक्या बाईच्या जिभेवर विश्वास, माझ्या नाही. गेला. आता फोन करतो तो मला करतो. हे शेजारी बसलेले असले तरी मलाच करतो."

दादांचा हात टेबलावर होता तो हळूहळू मांडीवर गेला. मघाचं हसू अजून तोंडावर तसंच होतं, त्याला जायचं कुठे ते कळत नव्हतं.

"वहिनी, मी तुम्हाला जपत होते," बाई म्हणाली. "त्या बेकरीवाल्या आजीचं झालं तसं तुमचं..."

"आम्हाला नाही ताई," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या टेबलाला."

बाईने क्षमा मागितली. दोनदा मागितली. ती तशीच हवेत राहिली, कुणी घेतली नाही. वहिनी परत खोक्यापाशी जाऊन बसल्या. बाई रडत होती आणि आपण रडतोय याचीही तिला लाज वाटत होती, कारण या खोलीत रडायचा पहिला हक्क तिचा नव्हता.

मग दादाच म्हणाले, खाली बघत, "काय लिहिलं असतंत?"

"काय?"

"लिहिलं असतंत तर. काय लिहिलं असतंत?"

बाईने डोळे पुसले. तिला कागद लागला नाही. ती म्हणू लागली, शाळेत कविता म्हणावी तशी, टेबलाकडे बघत.

"वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीत, शेवटून दुसरं दार. पाटी नाही. सहा टेबलं. एकटे असाल तर खिडकीजवळचं टेबल तुमचं, मागावं लागत नाही. आणखी कोणी येणार आहे का, असं इथे विचारत नाहीत. घेवड्याच्या दाण्यांचं सूप घ्या, वर तळलेला कांदा असतो, पाव गरम असतो. एक वाटी पुरणार नाही. जेवण झाल्यावर उठायची घाई करू नका, कोणी उठवत नाही. मालक कमी बोलतात आणि मालकीणबाई तुम्ही नीट जेवताय ना, ते लांबून बघतात. या शहरात मी सगळीकडे एकटी जेवले, इथे सोडून."

कागदाचा आवाज थांबला होता. वहिनींची पाठ बाईकडे होती. बशी मांडीवर तशीच होती आणि त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज नाही.

दादा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावरही थोडा वेळ मिटलेलेच होते.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "पण एक राहिलं."

"काय राहिलं?"

"बुधवारी बंद असतं. ते घाला. लोक लांबून येतात, उगाच हेलपाटा पडतो."

बाईने बॅग उघडली. डायरी काढली, पेन काढलं. तिने लिहिलं, बुधवारी बंद. दादांनी मान वाकडी करून अक्षर वाचलं आणि हं म्हटलं. मग ती आठ पुस्तकं उचलून त्यांनी परत खोक्यात घातली, पट्ट्या दुमडणार नाहीत अशी, आणि आत मोरीवर तोंड धुवायला गेले. नळ सुरू झाला. बराच वेळ सुरूच राहिला.

बाई उठली. बॅग खांद्याला लावली, दोन्ही खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या. शटरपाशी जाऊन वळली आणि निघताना आपण सगळेच म्हणतो, तसंच तिच्या तोंडून गेलं.

"येते वहिनी."

वहिनींनी मान वर केली. डोळे लाल होते, पण राग त्यांत राहिला नव्हता. त्यांनी नुसतं विचारलं,

"कुठे?"